उलाळ

लॅरमी सोडलं तेव्हा उजाडायचं होतं.
सबर्बनच्या मागे दोन आसांचा ट्रेलर,
ट्रेलरवर बाबांची एकाहत्तरची प्लिमथ,
शेपूट माझ्याकडे, तोंड मागे पडणाऱ्या रस्त्याकडे.
बारा वर्षं ती गॅरेजच्या भिंतीला नाक लावून उभी,
इंजिन मुकं.
विंचने ओढली तशी पाठमोरीच चढली.
बाबा अंगणात खुर्चीवर. त्यांनी डाव्या हाताची दोन बोटं
हवेत पुढे ढकलली, पुन्हा ढकलली.
मला वाटलं, अजून दोन पट्टे मागतायत.
बांधले.

फेब्रुवारीपासून त्यांचा उजवा हात मांडीवर ठेवलेला असतो,
कुणीतरी विसरून गेलेल्या हातमोज्यासारखा,
आणि शब्द घशापर्यंत येऊन माघारी फिरतात.
त्याआधी कितीदा सांगून झालं होतं:
साखळ्या फुलीत बांध,
जीभ निसटलीच तर झोळीत पडेल, रस्त्यावर नाही.
कडी बसली असं नुसतं म्हणू नकोस,
जॅक लावून बघ, सबर्बनचं बूड सोबत उचललं गेलं पाहिजे.
जिभेवर वजन हवं, दहातला एक हिस्सा तरी.
दिवे मी बघतो, तू ब्रेक दाब. आता डावा.
डावा म्हटलं, सिग्ने.
मी सोळा वर्षांची,
हो हो म्हणत होते.

एल्क माउंटनच्या उतारावर वारा
कुणाला विचारून येत नाही.
एक लांबलचक ट्रक डावीकडून पुढे गेला,
त्याच्यामागच्या पोकळीने आम्हाला हिसडा दिला
आणि प्लिमथ डाव्या आरशात आली.
मग उजव्या.
मग परत डाव्या, अख्ख्या दारासकट.
स्टिअरिंग हातात होतं,
म्हणजे नुसतंच हातात होतं.
पाय ब्रेककडे निघाला,
पायाला कुठे अक्कल असते.
तेवढ्यात बाबांचा डावा हात माझ्या गुडघ्याजवळून आला,
डॅशखालचा तो काड्यापेटीएवढा कंट्रोलर
न बघता सापडला त्यांना,
आणि त्यांनी चिमूट आवळली.
ट्रेलरचे ब्रेक. फक्त ट्रेलरचे.
वळवळणारी दोरी मागून कुणी ताणून धरावी
तसं सगळं एका रेषेत आलं.
माझा पाय अधांतरी.
साठ. पन्नास. बेचाळीस.
कुणी काही बोललं नाही.
दोघांपैकी एकाला तरी बोलता आलं असतं.

वॅगनहाउंडच्या थांब्यावर उतरून बघितलं.
सबर्बनचं बूड जराही बसलेलं नव्हतं,
एवढी गाडी मागे असून
तिच्या पाठीला खबर नाही.
इंजिन म्हणजे सगळा जडपणा
ट्रेलरच्या पार टोकाला, मीच नेऊन ठेवलेला.
उलाळ झाली होती गाडी.
बाबांनी पुन्हा दोन बोटं पुढे केली
आणि आता मला वाचता आली:
पट्टे नव्हेत गं बाई,
दोन वीत. पुढे.

पट्टे सोडले. विंच एकेक दाता कुरकुरत फिरला.
सबर्बन हळूच मागे टेकली,
दमलेलं माणूस शेवटी बाकावर टेकतं तशी.
बाबांनी तळवा आडवा केला: बास.
मग काठी टेकत चारही चाकांभोवती गेले,
प्रत्येक हबला उलटा हात लावला,
लेकरांचा ताप बघतात तसा.
तिसऱ्यापाशी जरा थांबले.
मी श्वास धरला.
पुढे गेले.

रॉक स्प्रिंग्सला बेनात इबाराने पैसे दोनदा मोजले,
त्याची सून कॉफी घेऊन आली,
प्रवास कसा झाला, म्हणाली.
वारा होता, म्हटलं.
बाबा प्लिमथच्या बॉनेटपाशी उभे होते,
तिथेही हात उलटाच.
थंड असणार. बारा वर्षं थंडच आहे.

येताना ट्रेलर रिकामा,
आणि रिकामा ट्रेलर भरलेल्याहून जास्त बडबडतो.
रॉलिन्सपर्यंत बाबा ते ऐकत होते,
डावा हात कंट्रोलरच्या शेजारी, सैल.
मी पंचावन्नच्या वर गेले नाही.